डेव्होंटा स्मिथ : ७५ किलोचा गडी आणि हायझमन

हंट्सविलकर
परवा गप्पांच्या धाग्यावर मी अलाबामा युनिव्हर्सिटीकडून खेळलेल्या डेव्होंटा स्मिथचं नाव काढलं तर दोघातिघांनी "हा कोण" म्हणून विचारलं, तिथे उगाच गर्दी नको म्हणून वेगळा धागा काढतोय. अमेरिकन फुटबॉल कळत नसेल तरी वाचा, नियम लागतील तेवढे सांगतो.

आधी वाइड रिसीव्हर म्हणजे काय ते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, सरकलात की परत चार प्रयत्न. बॉल क्वार्टरबॅककडे, म्हणजे फेकणाऱ्याकडे येतो, आणि रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा असतो तो ठरलेल्या वाटेने पळत सुटतो, त्या वाटेला रूट म्हणतात. समोर एक कॉर्नरबॅक फक्त त्यालाच अडवायला ठेवलेला असतो. आता गंमत अशी की अख्ख्या मॅचमध्ये बॉल याच्याकडे येणार पाच-सात वेळा, बाकी वेळ नुसतं पळायचं, नाहीतर दुसऱ्याला वाट करून द्यायला कुणाला तरी ढकलत बसायचं. त्यामुळे रिसीव्हर कितीही भारी असला तरी नाव होतं क्वार्टरबॅकचं. कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा मान म्हणजे हायझमन ट्रॉफी, १९३५ पासून देतात, त्यात क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक (बॉल हातात घेऊन पळणारा) यांचीच रांग आहे. १९९१ ला मिशिगनच्या डेझमंड हॉवर्डला मिळाली, त्यानंतर एकाही रिसीव्हरला नाही, ती थेट २०२० च्या सीझनची डेव्होंटा स्मिथला.

हा लुइझियानातल्या अमीट नावाच्या छोट्या गावचा. वजन म्हणाल तर ड्राफ्टआधीच्या (एनएफएल म्हणजे प्रोफेशनल लीग, तिच्या टीम्स फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजची पोरं निवडतात तो ड्राफ्ट) मेडिकलमध्ये १६६ पाउंड भरलं, म्हणजे साधारण ७५ किलो, उंची सहा फूट. समोरचे शंभर-सव्वाशे किलोचे. पब्लिक त्याला स्लिम रीपर म्हणायचं. पण मला त्याच्या करिअरमधलं सगळ्यात भारी वाटतं ते ट्रॉफी वगैरे नाही, तो पहिली दोन वर्षं स्वतःच्याच टीममध्ये मागच्या नंबरांवर होता आणि तरी थांबला, ते. ते पुढे लिहितो, आधी जेवून येतो.

पेठेतला_पक्षी
थांबला म्हणजे उपकार केले का? कॉलेजचं शिक्षण चार वर्षांचंच असतं ना हो.

हंट्सविलकर
@पेठेतला_पक्षी नाही, इथे हायस्कूल सोडून तीन वर्षं झाली की एनएफएलच्या ड्राफ्टला नाव देता येतं, आणि जो चांगला असतो तो तिसऱ्या वर्षी पळतोच, कारण गुडघा गेला की करिअर संपलं. स्मिथबरोबर २०१७ साली आलेले अजून दोन रिसीव्हर होते, जेरी ज्युडी आणि हेन्री रग्ज. २०१८ ला जेलन वॉडल आला. हे चौघंही पुढे पहिल्या राउंडमध्ये गेले, म्हणजे एकाच कॉलेजच्या एकाच बाकावर चार पहिल्या राउंडवाले बसले होते. अशा ठिकाणी बॉल वाट्याला यायचा कधी?

पहिल्या वर्षी पूर्ण सीझनमध्ये त्याचे कॅच किती, तर ८. पण त्यातला शेवटचा असा की अलाबामात आजही "सेकंड अँड ट्वेंटी-सिक्स" एवढंच म्हटलं तरी कुठली मॅच ते विचारावं लागत नाही. ८ जानेवारी २०१८, अटलांटा, जॉर्जियाविरुद्ध कॉलेज चॅम्पियनशिपची फायनल. हाफटाइमला अलाबामा ०-१३ ने मागे. कोच निक सेबननी काय केलं, तर दोन वर्षं मॅचेस जिंकून देणारा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स बसवला आणि तुआ टॅगोवायलोआ नावाचं पहिल्या वर्षाचं पोरगं आत घातलं. मॅच ओढत ओढत २०-२० झाली, वेळ संपता संपता अलाबामाच्या किकरने सोपी किक घालवली, मग ओव्हरटाइम. जॉर्जियाने तीन पॉइंट घेतले. आता अलाबामाची पाळी, आणि पहिल्याच प्रयत्नात तुआ मागे मागे पळत राहिला आणि १६ यार्ड मागे जाऊन आडवा झाला. म्हणजे दुसऱ्या प्रयत्नाला दहाच्या जागी २६ यार्ड हवेत, सेबनचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

पुढचा प्ले नीट बघा कधीतरी. तुआ आधी उजवीकडे बघतो, मुद्दाम. जॉर्जियाचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणारा, त्या नजरेमागे मधेच रेंगाळतो, अर्धा सेकंद असेल नसेल. डावीकडून स्मिथ काहीही नखरे न करता सरळ रेषेत पळत सुटलेला असतो, आपल्या कॉर्नरबॅकच्या पुढे निघून गेलेला. तुआ मान वळवतो आणि फेकतो, ४१ यार्ड, टचडाउन (बॉल शेवटच्या पट्ट्यात, एन्ड झोनमध्ये पोचला), २६-२३, मॅच खल्लास. फेकणारा पहिल्या वर्षाचा आणि धरणाराही पहिल्या वर्षाचा.

रांगडा_गडी
आयला भारीच की लगा! पण मला एक सांगा, ७५ किलोचा गडी त्या रेड्यांसमोर मोडत कसा न्हाई? आमच्याकडं कबड्डीत बारका रेडर असतोय, पण त्याला निदान आपल्या रेषेपर्यंत परत यायचं असतंय, एवढंच. हितं तर हवेत उडी मारल्यावर खालनं कोण येतंय ते दिसत पण न्हाई.

हंट्सविलकर
@रांगडा_गडी तीच शंका एनएफएलच्या सगळ्या टीम्सना होती. उत्तर असं की त्याला नीट धरताच येत नव्हतं. स्नॅप झाला, म्हणजे बॉल क्वार्टरबॅककडे दिला की कॉर्नरबॅक हाताने छातीवर दाबतो, रूटचा टाइम बिघडवायला, त्याला प्रेस म्हणतात. स्मिथ पहिल्या दोन पावलांतच खांदा असा आत घ्यायचा की हात पडायचा तो हवेत. आणि त्याचा स्लँट! तीन पावलं सरळ, एकदम आतल्या बाजूला काट, बॉल छातीवर, आणि मग पुढे मोकळं मैदान मिळालं की संपलं. काट मारताना त्याचा वेग कमीच होत नाही, बाकीचे पोरं ब्रेक मारतात ना तसं नाही.

दुसरं म्हणजे एनएफएलमध्ये ५ यार्डांपुढे रिसीव्हरला असं दाबता येत नाही, कॉलेजमध्ये ती ५ यार्डांची मर्यादाच नाही. म्हणजे तो जास्त धक्काबुक्कीतून वर आला होता, हे वजनावरून बोंब मारणारे विसरायचे.

वऱ्हाडी_ठेचा
बावा पण पैसे किती भेटले या पोराले? एक लाखाचं स्टेडियम हाये म्हणतेत, तिकीट तं असनच नं.

हंट्सविलकर
@वऱ्हाडी_ठेचा पगार शून्य. फी, राहणं, खाणं, पुस्तकं आणि वर थोडा खर्चाचा भत्ता, बस. त्याच काळात सेबन सरांचा पगार वर्षाला ९० लाख डॉलरच्या वर. आणि याचं नशीब बघा, १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे घेता यायला लागले, एनआयएल म्हणतात त्याला. स्मिथला हायझमन मिळाली ५ जानेवारी २०२१ ला. सहा महिने! हायझमनवाला, नॅशनल चॅम्पियन, आणि जाहिरातीतून एक छदाम नाही.

वऱ्हाडी_ठेचा
हे तं सरळ सरळ लूट झाली. जर्सी विकत असतीन, टीव्हीवाले पैसे देत असतीन, अन् पोट्टे फुकट!

पेठेतला_पक्षी
फुकट कशाला, अमेरिकन युनिव्हर्सिटीची फी बघितलीय का? आपल्याकडे त्यासाठी लोक घर गहाण टाकतात. शिवाय नंतर कोट्यवधी मिळतातच की.

ओहायोची_सून
@पेठेतला_पक्षी नंतर कोट्यवधी मिळतात ते किती जणांना? टीममध्ये शंभराच्या वर पोरं असतात, एनएफएलला जातात ती अलाबामासारख्या ठिकाणीही वर्षाला मोजकीच. बाकीच्यांचे गुडघे फुकटच गेले ना. मी कोलंबसला राहते, नवरा पक्का ओहायो स्टेटवाला, शनिवारी आमच्याकडे दुसरं काही चालत नाही, त्यामुळे हे स्मिथ प्रकरण आमच्या घरात जरा दुखरं आहे, पण या पैशाच्या मुद्द्यावर मी ठेचाभाऊंच्या बाजूने.

हंट्सविलकर
ओहायोची सून धाग्यावर आली म्हणजे आता फायनलपर्यंत जपून जायला हवं :)

मधली वर्षं पटकन सांगतो. २०१८ ला ६९३ यार्ड, टीम फायनलला क्लेमसनकडून १६-४४ अशी सपाटून हरली. २०१९ ला मात्र गडी सुटला. ओल मिसविरुद्ध एकाच मॅचमध्ये ११ कॅच, २७४ यार्ड, ५ टचडाउन. एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट) टीम ४१-४६ हरली त्यात याचे एकट्याचे २१३ यार्ड. सीझनचे १२५६ यार्ड आणि १४ टचडाउन, म्हणजे चौघांत पहिला. तरी पेपरात फोटो ज्युडीचा आणि वेगाची चर्चा रग्जची. दोघेही २०२० च्या ड्राफ्टला गेले, रग्ज १२ वा, ज्युडी १५ वा. स्मिथही जाऊ शकला असता, पण तो चौथ्या वर्षासाठी परत आला. आमच्या ऑफिसात तेव्हा सगळे त्याला वेड्यात काढत होते, आणि दोन महिन्यांत कोविड आला, सीझन होतो की नाही तेच कळेना. झाला, पण फक्त कॉन्फरन्समधल्याच, म्हणजे आपल्या गटातल्याच (अलाबामाचा गट एसईसी) टीम्सशी मॅचेस आणि स्टेडियमं जवळपास रिकामी.

त्या सीझनलाही सुरुवातीला तो पहिला नव्हताच! पहिल्या चार मॅचेस झाल्या तेव्हा वॉडलचे ५५७ यार्ड आणि स्मिथचे ४८३. मग २४ ऑक्टोबरला टेनेसीविरुद्ध पहिल्याच किकऑफला वॉडलचा घोटा मोडला. आता सगळ्यांना वाटलं की एकच धोकादायक रिसीव्हर उरलाय, त्याच्यावर दोन-दोन माणसं लावली की काम झालं. लावलीही. पुढे काय झालं ते आकड्यातच बघा, पहिल्या पाच मॅचेसमध्ये याचे टचडाउन कॅच ४, नंतरच्या आठ मॅचेसमध्ये १९. वॉडल जायबंदी झाल्यावर पंट (समोरच्याने लाथेने लांब मारलेला बॉल) परत आणायचं कामही याच्याकडे आलं तर आर्कान्सॉविरुद्ध ८४ यार्ड पळून तिथेही टचडाउन.

स्वानंदी_फिली
त्यात कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण आखणारा कोच, स्टीव्ह सार्किशियनचा वाटा विसरू नका. तो स्मिथला एका जागी उभाच ठेवायचा नाही, कधी डावीकडे, कधी स्लॉटमध्ये (कडेपासून थोडं आत), कधी स्नॅपच्या आधी मोशनमध्ये आडवा पळवायचा, त्यामुळे दोन माणसं लावायची तर नक्की कुठे लावायची हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही. आणि क्वार्टरबॅक मॅक जोन्सचा नेम.

हंट्सविलकर
@स्वानंदी_फिली बरोबर, मॅक जोन्स हायझमनला तिसरा आला, म्हणजे एकाच टीमचा फेकणारा तिसरा आणि धरणारा पहिला. रनिंग बॅक नाजी हॅरिस पाचवा.

पण त्या सीझनचा माझा आवडता कॅच म्हणजे ५ डिसेंबरचा, बॅटन रूजला. ते एलएसयूचं मैदान, म्हणजे लुइझियानाच्या पोराचं घरचंच, आणि हा दुसऱ्या राज्यात गेलेला, त्यामुळे तिथल्या लोकांचा राग वेगळाच. समोर डेरेक स्टिंगली, तेव्हाचा देशातला नावाजलेला कॉर्नरबॅक. बॉल एन्ड झोनमध्ये उंच आलेला, स्टिंगली अंगाला चिकटून उडालेला, आणि स्मिथने एक हात वर नेऊन बॉल असा घेतला की जणू कुणी माळ्यावरून हातात दिला. ८ कॅच, २३१ यार्ड, ३ टचडाउन, मॅच ५५-१७. हायझमन त्या रात्री ठरली असं माझं मत.

पेठेतला_पक्षी
मत तुमचं, पण समोरच्या टीम्स किती कमजोर होत्या तेही सांगा. एलएसयूची ती टीम आधीच्या वर्षीची चॅम्पियन राहिली होती का? अर्धे निघून गेले होते असं मी आत्ता वाचलं.

हंट्सविलकर
@पेठेतला_पक्षी गेले होते, क्वार्टरबॅक जो बरो गेला, रिसीव्हर जमार चेस त्या वर्षी खेळला नाही. पण स्टिंगली होता ना! आणि फ्लोरिडाविरुद्धची कॉन्फरन्स फायनल घ्या की, ५२-४६, तिथे याचे १५ कॅच १८४ यार्ड. नोत्र दामविरुद्ध सेमीफायनलला ३ टचडाउन. कमजोर म्हणणार तर किती जणांना म्हणणार?

ओहायोची_सून
आता आमच्यावर येणारच आहात तर मीच सांगते. ११ जानेवारी २०२१, मायामी. पहिल्या हाफमध्येच स्मिथचे १२ कॅच, २१५ यार्ड, ३ टचडाउन. हाफटाइमला १७-३५. तिसरा टचडाउन तर आमच्या घरात अजून निघतो, त्या प्लेला आमच्या डिफेन्सने त्याच्यासमोर कोण सोडला होता, तर लाइनबॅकर! मधल्या जागी उभं राहून रनिंग बॅकला पाडणारा जाडजूड गडी, तो देशातल्या सगळ्यात चपळ रिसीव्हरच्या मागे पळतोय, ४२ यार्ड. नवरा टीव्हीसमोर उभा राहून "अरे कोण आहे त्याच्यावर, कोण आहे" असं मराठीत ओरडत होता, समोर त्याचे दोन अमेरिकन मित्र कॉलवर. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला स्मिथचं बोट निखळलं आणि तो आत गेला, परत आलाच नाही, तरी आम्ही २४-५२ हरलो.

पण एक आहे, आमच्या कॉन्फरन्सने, बिग टेनने, कोविडमुळे सीझन उशिरा चालू केला, आमच्या टीमची ती फक्त आठवी मॅच होती. तुमची तेरावी. लय लागायला वेळच मिळाला नाही.

हंट्सविलकर
@ओहायोची_सून लय म्हणाल तर त्याआधी क्लेमसनला ४९-२८ कुणी धुतलं होतं मग? तुमच्याच क्वार्टरबॅकने, जस्टिन फील्ड्सने ना. उलट कमी मॅचेस म्हणजे ताजे पाय. बाकी लाइनबॅकरचं काय झालं ते सोपं आहे, मोशन आणि फॉर्मेशनने तुमच्या डिफेन्सला अशा जागी आणलं की ज्याच्या वाट्याला जो आला तो आला.

ओहायोची_सून
ताजे पाय ताजे पाय म्हणत बसा. नवऱ्याला हा धागा दाखवणार नाहीये मी.

एडिसनचा_नाना
इतका वेळ नुसता वाचत होतो पण आता आमचं दुखणं ऐका. न्यू जर्सीत आमची निम्मी मंडळी जायंट्सवाली, म्हणजे एनएफएलच्या न्यूयॉर्क जायंट्सची. २०२१ चा ड्राफ्ट, जायंट्सचा नंबर ११ वा. चेस ५ वा गेला, वॉडल ६ वा गेला, म्हणजे बघा घोटा मोडलेला वॉडल सुद्धा हायझमनवाल्याच्या आधी, केवळ वजनाच्या भीतीने. स्मिथ खाली खाली येतोय, आम्ही खूश, दहावा नंबर डॅलसचा, त्यांना कॉर्नरबॅक हवे होते ते सगळे संपलेले. आता मिळतोय मिळतोय म्हणेपर्यंत फिलाडेल्फियाने डॅलसला तिसऱ्या राउंडचा एक नंबर वरून देऊन दहावी जागा घेतली आणि आमच्या नाकासमोरून पोरगा उचलला! डॅलस आणि फिली एकाच डिव्हिजनमधले जन्माचे वैरी, त्यांनी एकमेकांशी सौदा केला तो फक्त आम्हाला रडवायला असं माझं आजही ठाम मत आहे. मग जायंट्सने ११ वी जागा शिकागोला विकली आणि शिकागोने घेतला कोण तर वहिनींचा जस्टिन फील्ड्स.

स्वानंदी_फिली
नाना, तुमचं दुःख ते आमचं सुख :D मला स्मिथबद्दल जे सगळ्यात आवडतं ते इथूनच सुरू होतं. अटलांटाच्या त्या फायनलला हाफटाइमला ज्याला बसवलं तो जेलन हर्ट्स आठवतोय ना? तो पुढे ओक्लाहोमाला गेला आणि तिथून २०२० ला फिलीत आलेला. म्हणजे कॉलेजमध्ये ज्याच्या जागी दुसरा आला आणि त्या दुसऱ्याच्या बॉलवर स्मिथचं नाव झालं, त्याच हर्ट्सकडे स्मिथ परत आला. २०२२ ला ११९६ यार्ड, सुपर बोलला, म्हणजे एनएफएलच्या फायनलला, कॅन्सस सिटीकडून ३५-३८ ने हरलो त्यात याचे बरोबर १०० यार्ड. आणि ९ फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल परत त्यांच्याशीच, न्यू ऑर्लीन्सला, अमीटपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये हर्ट्सने ४६ यार्डांचा बॉल टाकला, स्मिथ एन्ड झोनमध्ये, ३४-०. शेवटी ४०-२२. आणि वजन विचाराल तर २०२४ ला क्लबने ३ वर्षांचा साडेसात कोटी डॉलरचा करार केलाय ७५ किलोशी.

वऱ्हाडी_ठेचा
साडेसात कोटी डॉलर! मंग जाऊ द्या बावा, सहा महिन्याचं नुकसान भरून निघालं म्हना की. बाकीच्या तिघायचं काय झालं पन?

हंट्सविलकर
@वऱ्हाडी_ठेचा वॉडल मायामीत चमकला. ज्युडी डेन्व्हरला होता, तिथून क्लीव्हलँडला गेला. रग्जचं वाईट झालं, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दारू पिऊन भरधाव गाडी चालवली, धडकेत एका तरुणीचा आणि तिच्या कुत्र्याचा जीव गेला, त्याला तुरुंगवास झाला. चौघांत सगळ्यात वेगवान तो होता. त्यावर काय बोलणार.

पेठेतला_पक्षी
वाचून काढला सगळा धागा, मान्य, पोरगा भारी. पण मूळ मुद्दा राहिलाच. तो थांबला म्हणून मोठा झाला असं तुमचं म्हणणं. मी म्हणतो वॉडलचा घोटा मोडला म्हणून मोठा झाला. नाहीतर हायझमन मॅक जोन्सलाच गेली असती.

हंट्सविलकर
@पेठेतला_पक्षी हायझमनपुरतं तुमचं म्हणणं उडवून लावता येत नाही. वॉडल असता तर बॉल वाटले गेले असते आणि १८५६ यार्ड झाले नसते. पण घोटा दुसऱ्याचा मोडला तेव्हा जागेवर हजर कोण होता? ज्युडी, रग्ज निघून गेले होते. शिवाय आजकाल पहिल्या वर्षी ८ कॅच मिळालेलं पोरगं ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकून दुसऱ्या कॉलेजला जातं, २०२१ पासून तर एकदा बदलताना वर्षभर बाहेर बसायचीही अट गेली, आणि एनआयएलचे पैसे आल्यावर विचारूच नका. पोरांना दोष देत नाही, मी असतो तर मीही गेलो असतो. करिअरचे ३९६५ यार्ड आणि ४६ टचडाउन कॅच हा एसईसीचा विक्रम त्याने केला, तोही आधीची दोन वर्षं मागच्या नंबरांवर काढून. आता चार वर्षं एकाच ठिकाणी काढणारा मिळाला तर तो विक्रम तुटेल.

एडिसनचा_नाना
आणि २०२४ ची हायझमन ट्रॅव्हिस हंटरला मिळाली, तो रिसीव्हरही खेळायचा आणि कॉर्नरबॅकही, आणि तोही आधीचं कॉलेज बदलून कोलोराडोला आलेलाच. त्याला रिसीव्हर धरायचा का नाही यावर आमच्या ग्रुपवर दोन गट आहेत.

हंट्सविलकर
@एडिसनचा_नाना निम्मा धरायचा. नुसता रिसीव्हर म्हणून हॉवर्डनंतर स्मिथच.

रांगडा_गडी
ह्ये सगळं वाचून आता बघायची खुमखुमी आलीया. एकच मॅच बघायची झाली तर कुठली बघू? आणि तो कॉलेजात एकच पाय आत टेकला तरी चालतंय म्हणत्यात ते खरं हाय का?

स्वानंदी_फिली
@रांगडा_गडी खरं आहे, कॉलेजला एक पाय पुरतो, एनएफएलला दोन्ही लागतात, म्हणून बाउंड्रीजवळचे कॅच बघताना ते लक्षात ठेवा. मॅच ओहायो स्टेटवाली बघा, पहिला हाफ पुरे. ताई, सॉरी.

ओहायोची_सून
बघा बघा. लाइनबॅकर दिसला की मला सांगा, मी नवऱ्याला चहा करून देते.